पांढरीत जुनं काही सापडलं? या चुका टाळा

आपल्याकडे शेतजमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. पिढ्यानपिढ्या माणसं एकाच ठिकाणी राहिली की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत जाते, जमीन पांढुरकी होते, टेकाड उभं राहतं. पुरातत्त्वाचे अभ्यासक ही टेकाडं शोधत फिरतात. शेतकरीही शोधतो, कारण पांढर टाकली की पीक जोर धरतं. कित्येक टेकाडं अशीच गाड्या भरभरून शेतात गेली. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण खापराचा तुकडा दिसताच आपण हौशी मंडळी जे करतो, ते टाळता येण्यासारखं आहे.

वस्तू उचलली, जागा गेली

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथे एका ग्रामस्थाला झाडाचं खोड खणून काढताना चार भरीव कांस्यवस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन 60 किलोंच्या वर. घडणावळ अशी, की पाहत राहावं. पण त्या वस्तू अभ्यासकांच्या हातून, मातीच्या कोणत्या थरात होत्या ते नोंदवत निघाल्या नाहीत. पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या देखरेखीखाली तिथे पुढे मोठं उत्खनन झालं, तरी या वस्तू उत्तर-हडप्पा म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या की बऱ्याच नंतरच्या, हा वाद उरलाच. सापडवणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला कोण सांगणार होतं?

उलट उदाहरण इनामगावचं. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत काम केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली मडकी निघाली, आत लहान मुलांची हाडं. ही मडकी कुणी उचलून शोकेसमध्ये मांडली असती तर ती फक्त दोन मडकी राहिली असती. मूल गेलं तरी त्याला घरातच ठेवायचं, हे त्या जागेने सांगितलं.

खोल म्हणजे जुनं, हे नेहमीच खरं नाही

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम बरोबर आहे. पण माणसं धान्य साठवायला पेव खणतात, कचऱ्याचे खड्डे करतात, उंदीर-घुशी बिळं पोखरतात. कालचं नाणं सातवाहनांच्या थरात जाऊन बसतं. म्हणून खणणारे चराच्या उभ्या भिंतीकडे बघतात. मातीचा रंग आणि पोत जिथे तुटतो तिथे खड्डा ओळखू येतो.

‘कार्बन टेस्ट करून घ्या’

दगडी मूर्ती किंवा तांब्याचं नाणं दाखवलं की हा सल्ला ठरलेला. कार्बन-14 ही पद्धत कोळसा, हाडं, धान्य अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना लागू पडते. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे तो घटून निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे 5,730 वर्षं, त्यामुळे साधारण 50,000 वर्षांपलीकडे या पद्धतीचा उपयोग होत नाही. शिवाय कोळशाचं वय म्हणजे लाकडाचं वय. जुनं लाकूड वापरून बांधलेलं घर उगाच म्हातारं ठरतं. भाजलेल्या खापरासाठी तापदीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) ही वय काढण्याची वेगळी पद्धत आहे. नाण्यासाठी त्यावरची अक्षरं आणि चिन्हं वाचणारा नाणकशास्त्रज्ञच गाठावा.

चिंच, ब्रश आणि ऑइलपेंट

नाणं चिंचेने घासून लख्ख करू नका. गंजासोबत अक्षरंही जातात. मडकं धुऊ नका. तळाशी चिकटलेले दाणे आणि माती पुरावनस्पतीच्या, म्हणजे जुन्या काळच्या पिका-झाडांच्या, अभ्यासकाला हवी असते. हाडांचे तुकडे ‘काय ते’ म्हणून फेकून देऊ नका, त्यांवरून लोक काय पाळत, काय मारून खात, ते कळतं. शिलालेखाच्या अक्षरांत खडू भरू नका, वीरगळाला रंग फासू नका.

आणि हो, डायनोसॉरचं हाड मिळालं असं वाटलं तर तो प्रांत जीवाश्मतज्ज्ञांचा. पुरातत्त्व माणसाच्या मागे जातं, मग तो दगडी हत्यारं घडवणारा असो नाहीतर गिरणीत राबणारा.

मग करायचं काय?

वस्तू होती तिथेच राहू द्या. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, तारीख लिहा. नांगराने किंवा जेसीबीने आधीच वर आली असेल तर कुठून, किती खोलीवरून, हे लगेच लिहून ठेवा, चार दिवसांनी कुणालाच नीट आठवत नाही. मग तलाठी किंवा तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत 10 रुपयांहून जास्त असली, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे. आणि जागा नेमकी कुठे आहे ते सोशल मीडियावर टाकू नका, रात्रीत धनाच्या आशेने खणणारे तुमच्या आधी पोहोचतात.