सावलीतले रंगीत नेचे: मुंबईच्या हवेत रुपेरी, तांबडे आणि निळे फर्न कसे वाढवावेत

नर्सरीतून फर्न आणताना "सावलीत ठेवा" एवढीच सूचना बरोबर येते. साध्या हिरव्या बोस्टन फर्नला ती पुरते, रंगीत नेच्यांचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्यातला रुपेरी, तांबडा आणि निळा रंग तीन निरनिराळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकाला वेगळ्या प्रतीची सावली लागते. जागा चुकली तरी झाड बहुधा जगतं, रंग मात्र जातो, आणि मग नर्सरीवाल्याने भलतंच रोप दिलं असं वाटत राहतं.

सुरुवात रुपेरी पट्ट्यांच्या नेच्यांपासून करावी, ते सर्वांत सोशिक. 'सिल्व्हर लेस' किंवा 'सिल्व्हर रिबन' या नावांनी मिळतो तो टेरिस एन्सिफॉर्मिस. त्याहून उंच आणि भरघोस होतो तो टेरिस आर्जिरिया. एन्सिफॉर्मिसच्या पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य फारच कमी असतं, त्यामुळे सगळं अन्न काठाच्या हिरव्या भागाला तयार करावं लागतं. म्हणूनच त्याला भरपूर उजेड हवा. सकाळचं तासभर कोवळं ऊनही चालतं. अंधाऱ्या कोपऱ्यात वाढ खुंटते आणि रोप विरळ होतं. रोप जवळून पाहिलं तर पानं दोन तऱ्हेची दिसतात: खाली पसरलेली बुटकी, रुंद, ठळक पट्ट्यांची, आणि मधून सरळ वर आलेली उंच, काडीसारखी अरुंद. या अरुंद पानांच्या काठाखाली बीजाणू असतात. तो बिघाड नव्हे, तशीच राहू द्यावीत. कापायचं ते पूर्ण हिरवं आलेलं पान, आणि तेही बुडापासून. हिरवी फूट पट्टेरी फुटीपेक्षा जोमदार असते आणि दोन-तीन हंगामांत अख्खी कुंडी बळकावते.

तांबडा रंग फक्त कोवळ्या पानांत असतो. त्यातलं लाल रंगद्रव्य कोवळ्या पेशींना उन्हापासून वाचवतं आणि पान जून झालं की हिरवं त्याच्यावर मात करतं. तेव्हा इथे खरं काम नवी फूट सतत येत ठेवण्याचं आहे. ब्लेक्नम ओरिएंटाले हा आपल्या सह्याद्रीतलाच, घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडींवर आणि ओढ्याकाठी दिसणारा; त्याची कोवळी पानं तांबूस-गुलाबी येतात आणि मुंबईची दमट हवा त्याला मानवते. ब्लेक्नम ब्राझिलिएन्सेची 'व्होल्कॅनो' ही जात अधिक लालभडक, पण पाण्याचा खाडा तिला अजिबात खपत नाही. लहान कुंडीसाठी एडियांटम हिस्पिड्युलम घ्यावा. तो भिंतीवर उगवणाऱ्या आपल्या हंसराजाच्याच कुळातला आहे आणि त्याची नवी पानं गुलाबी असतात. या तिघांना गाळून आलेला, पण चांगला उजेड द्यावा. सावली दाट झाली की फूट फिकट येते.

निळ्याचा प्रकार अगदी उलटा. सेलाजिनेला विल्डेनोवी (ही खरी फर्न नव्हे, फर्नची लांबची नातेवाईक) आणि 'ब्लू ऑइल फर्न' म्हणून विकला जाणारा मायक्रोसोरम थायलँडिकम यांच्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म थरांतून प्रकाश परततो तेव्हा निळाई दिसते. सेलाजिनेला उजेडात ठेवली की साधी हिरवी होते. तिच्यावर पाणी पडलं की पान ओलं असेपर्यंत निळाई नाहीशी होते आणि वाळलं की परत येते, म्हणून नुकत्याच पाणी मारलेल्या रोपावरून पारख करू नये. ही रोपं जमिनीलगत, इतर झाडांच्या पायथ्याशी लावावीत. वरून तिरकी नजर पडते तिथेच रंग उठून दिसतो.

ऑनलाइन फोटोंमधला राखाडी-जांभळा 'जॅपनीज पेंटेड फर्न' मात्र मुंबईत घेऊ नये. त्याला हिवाळ्यात खरी थंडी आणि विश्रांती लागते, ती इथे मिळत नाही आणि रोप हळूहळू झिजत जातं. कोवळी पानं तांबूस येणारा 'ऑटम फर्न'ही थंड हवेचाच. आणि 'रंगीत फर्नच्या बिया' विकणाऱ्यांपासून तर दूरच राहावं: नेच्याला बी येतच नाही, त्याचे बीजाणू भुकटीसारखे असतात. नॅशनल पार्कातून किंवा आरेतून उपटून आणणंही नको. राष्ट्रीय उद्यानातून झाड काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि कंद तुटलेला नेचा सहसा जगतही नाही.

सावली कशी ओळखावी

दुपारी बाराच्या सुमारास रोपाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा रेखीव दिसल्या तर ती जागा नेच्यांसाठी प्रखर आहे, ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधावी. कडा पुसट पण बोटं मोजता आली तर रुपेरी आणि तांबड्यांची जागा. नुसता धूसर डाग दिसला तर निळ्यांची. काहीच दिसलं नाही तर तिथे कोणताच नेचा टिकणार नाही.

ही परीक्षा एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात करावी. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो. हिवाळाभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन शिरतं, कारण मार्चच्या उत्तरार्धापासून सूर्य उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. "इतके दिवस छान होतं, अचानक करपलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. दुसरी जागा तपासायची ती एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची. तिथल्या गरम झोतात एडियांटम एका दिवसात वाळतो.

माती आणि लागवड

मिश्रण असं: दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत किंवा धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग विटेचे बारीक तुकडे किंवा परलाईट आणि अर्धा भाग लोणारी कोळशाचा चुरा. कोकोपीटची वीट भिजवून फुगली की पिळून पाणी टाकायचं, असं तीनदा. त्यातले क्षार निघाले नाहीत तर पानांच्या कडा तपकिरी होतात आणि दोष उगाच उन्हाला जातो. एडियांटम आणि टेरिससाठी आठ इंची कुंडीत चमचाभर अंड्याच्या कवचाची पूड घालावी. जुन्या चुन्याच्या भिंतींवर टेरिस आपसूक उगवतो, तो चुन्याच्या ओढीनेच. ब्लेक्नमला मात्र चुना नको, त्याला आम्लधर्मी माती लागते.

सोसायटीच्या आवारातली माती बहुतेक वेळा डेब्रिजचा भराव असते. तिथे २५ सेंटिमीटर खणून सिमेंटचे तुकडे काढावेत आणि जांभ्याचे दगड लावून वाफा जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच करावा, नाहीतर जुलैत पाणी तुंबून मुळं कुजतात. टेरिस ३० सेंटिमीटर अंतरावर, ब्लेक्नम किमान ६० वर. पहिल्या पावसानंतर, जूनच्या उत्तरार्धात लागवड करावी, मार्च ते मे अजिबात नको. लावताना कोंब फुटतात तो मधला भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला की महिनाभरात कुजतो. ब्लू ऑइल फर्नचा सरपटणारा कंद तर मातीवर नुसता ठेवून तारेच्या आकड्याने दाबून धरायचा.

पाणी आणि खत

मुंबईत नेच्यांची खरी कसोटी डिसेंबर ते फेब्रुवारीत लागते. पूर्वेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने दुपारी हवेतला दमटपणा घसरतो आणि पानांची टोकं जळतात. फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटांचाच. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली खडी-पाण्याचं ताट ठेवावं. जून ते ऑक्टोबर हे ताट काढून टाकायचंच; साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेचे कर्मचारी त्यासाठी तपासणीही करतात. पाणी सकाळी, मातीत, बोटाचं पहिलं पेर कोरडं लागण्याआधी द्यावं. बोअरवेलचं, टँकरचं आणि आरओमधून फेकलेलं पाणी क्षारांमुळे टाळावं. नळाचं पाणी चांगलं.

खत हलकं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीतच. तांबड्या जातींना यात खंड पडू देऊ नये. त्यांची सर्वांत जुनी दोन-तीन पानं महिन्याला काढत राहिलं की कोवळ्या पानांना उजेड मिळतो.

बिघडतं ते असं

पानामागचे तपकिरी ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणू. त्यावर औषध मारणारे खूप भेटतात. ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील आणि नखाने खरवडून निघत असतील तर ती खवले कीड. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात भिजवून पुसून काढावी. नीमतेलाने कोवळी पानं भाजतात, त्यामुळे आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबावं. पानावर शिरांच्या मधोमध कोनदार तपकिरी पट्टे आले तर सूत्रकृमींचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांचा) संशय घ्यावा, ती पानं कापून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये नको. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी एका रात्रीत कोंब फस्त करतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवावं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा कराव्यात, हातमोजे घालून.

पूर्ण वाळलेला एडियांटम फेकू नये. कंद टणक असेल तर सगळी पानं दोन-तीन सेंटिमीटरवर कापून कुंडी सावलीत, ओलसर ठेवावी. तीन-चार आठवड्यांत गुंडाळलेले कोंब वर येतात. जूनमध्ये भरलेल्या कुंडीचे धारदार सुरीने भाग करता येतात, प्रत्येक भागाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं हवीत. 'व्होल्कॅनो'चा मात्र एकच बुंधा असतो, त्याला सुरी लावू नये.