दोन प्रदेशांच्या हवामानाची तुलना कशी लिहायची: दहावीवाल्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील समोरासमोर ठेवलेत, आणि दरवर्षी आमच्या लालबागच्या क्लासमध्ये पेपर तपासायला घेतले की डावीकडे "भारतात मोसमी हवामान आहे" आणि उजवीकडे "ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदी आहे" असं लिहिलेलं सापडतंच. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत पण मार्क जातात, कारण एका बाजूला हवामान आणि दुसऱ्या बाजूला नदी, मग तुलना झाली कशाची? मुलं मेहनत भरपूर घेतात, पद्धत मात्र त्यांना कोणी नीट सांगितलेली नसते. म्हणून मी शिकवते ती पद्धत लिहितेय.

पान आडवं धरा आणि तीन रकाने पाडा. मधल्या रकान्यात मुद्दा, दोन्ही बाजूंना प्रदेश. मधला रकाना पूर्ण भरल्याशिवाय बाजूचं एक अक्षर लिहायचं नाही. मुद्द्यांचा क्रमही ठरलेला ठेवा: आधी अक्षांश, मग समुद्रसपाटीपासून उंची, समुद्रापासूनचं अंतर, वाऱ्यांची दिशा आणि डोंगर कुठे आडवा येतो ते. तापमान आणि पाऊस सगळ्यात शेवटी. पहिले मुद्दे म्हणजे कारणं आणि शेवटचे दोन म्हणजे त्यांचा परिणाम, त्यामुळे क्रम उलटा झाला की उत्तर नुसती यादी होऊन बसते.

आता एकदम देशावर उडी मारू नका, आपल्या मुंबईपासून सुरू करा, कारण इथलं हवामान तुम्ही अंगावर घेतलेलं आहे. मुंबईशेजारी नागपूर घ्या. अक्षांशात फरक दोनच अंशांचा, मुंबई 19 उत्तरला, नागपूर 21 ला. पण मुंबईत जानेवारीचं सरासरी तापमान आणि मे महिन्याचं सरासरी तापमान यांच्यात साधारण सहा अंशांचा फरक पडतो, नागपुरात तोच चौदा-पंधराच्या घरात जातो. इथे पोरं "कारण नागपूर जास्त उष्ण आहे" लिहून मोकळी होतात, आणि हे कारण नाहीच, जानेवारीत तर नागपूर मुंबईपेक्षा थंड असतं. खरं कारण समुद्र. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून किनाऱ्यावर थंडीही बेताची आणि उन्हाळाही बेताचा (घामाचं सोडा), आणि आत जमिनीवर दोन्ही टोकं गाठली जातात. एवढं एकदा डोक्यात बसलं की साधारण एकाच अक्षांशावरच्या दोन ठिकाणांपैकी कुठे वार्षिक तापमान कक्षा (वर्षातल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड महिन्यांच्या सरासरीतला फरक) जास्त असेल, ते तुम्हाला बहुतेक वेळा पाठ न करता सांगता येईल.

पुढची पायरी माझ्या सगळ्यात आवडीची. ॲटलास उघडा आणि मुंबईसाठी ब्राझीलमधलं जोडीदार शहर शोधा. रिओ दि जानेरो घ्या. मुंबई विषुववृत्ताच्या 19 अंश उत्तरेला, रिओ जवळपास 23 अंश दक्षिणेला. दोन्ही शहरं थेट समुद्राला लागून, दोघांच्या पाठीशी डोंगररांग, आपल्याकडे सह्याद्री आणि त्यांच्याकडे सेरा दो मार. म्हणजे अक्षांश जवळजवळ सारखे, उंची सारखी, समुद्र सारखा, डोंगर सारखा. मग पाऊसही सारखा हवा ना? नाहीये. मुंबईत वर्षाला 2000 मिमीच्या वर पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, रिओत साधारण 1100 ते 1200 मिमी पडतो आणि तो वर्षभर थोडा थोडा वाटला जातो, त्यातल्या त्यात डिसेंबर ते मार्च जास्त, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा असतो.

इथे थांबून "का?" विचारा, आणि उत्तर आलं की परत एकदा "का?" विचारा. मुंबईत पाऊस चारच महिने का, तर मोसमी वारे. बरं, ते चारच महिने का? उन्हाळ्यात भारताचा वायव्य भाग प्रचंड तापतो, तिथे हवेचा दाब कमी होतो, आणि समुद्रावरची बाष्पाने भरलेली हवा नैऋत्येकडून आत ओढली जाते, सह्याद्रीला आपटून वर चढते, थंड होते आणि बरसते. ऑक्टोबरनंतर वाऱ्यांची दिशाच फिरते, ते जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतात, कोरडे, म्हणून डिसेंबरात आपल्याकडे आठवडेच्या आठवडे थेंब नाही. रिओकडे वारे असे पूर्ण पलटत नाहीत, समुद्रावरून बाष्प बारमाही येत राहतं, शिवाय दक्षिणेकडून थंड हवेच्या लाटा येऊन पाऊस देऊन जातात. म्हणजे चार मुद्दे सारखे असूनही पाचव्याने सगळं चित्र बदललं. असं उत्तर वाचलं की तपासणाऱ्याला कळतं की मुलाला विषय समजलाय.

डोंगराचा मुद्दा लिहायला महाबळेश्वर आणि वाई लक्षात ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की 1000 मिमीसुद्धा नाही, कारण वाई पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या कोरड्या बाजूला येते. हाच नियम उचलून ब्राझीलच्या ईशान्येला लावा: तिथे समुद्रावरून येणारे वारे उच्चभूमीला अडतात, किनाऱ्यावर पाऊस देतात आणि पलीकडे कोरडे होऊन जातात, म्हणून तो आतला भाग अवर्षण चतुष्कोन म्हणून ओळखला जातो.

आकड्यांबद्दल एक कळकळीने सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 74 मिमी. शहर एक, दिवस एक, फरक केवढा बघा. म्हणून एका दिवसाचा किंवा एका वर्षाचा आकडा घेऊन प्रदेशाचं हवामान ठरवायचं नाही, 30 वर्षांची सरासरी घ्यायची (हवामान खातं सध्या 1991 ते 2020 ची वापरतं) आणि आकडा कुठल्या केंद्राचा आहे तेही लिहायचं.

आलेख काढताना पावसाचे स्तंभ, तापमानाची रेषा, आणि दोन्ही प्रदेशांना प्रमाण एकच. मुंबईच्या आलेखात उभा अक्ष 900 पर्यंत आणि रिओच्या आलेखात 200 पर्यंत घेतला तर मुंबईचा जुलै आणि रिओचा जानेवारी कागदावर जवळपास सारख्या उंचीचे दिसतात, प्रत्यक्षात जुलैत मुंबईत 800 मिमीच्या आसपास पडतो आणि रिओच्या जानेवारीत त्याच्या पाव भागही नाही. महिन्यांच्या बाबतीतही सांभाळा, जून-जुलै म्हणजे दक्षिण ब्राझीलमध्ये हिवाळा.

शेवटी वाक्य बांधायचं. दोन रकान्यांतल्या नोंदी "तर" ने जोडा आणि मागे "कारण" लावा. भारतात हिमवर्षाव होतो, ब्राझीलमध्ये नियमित होत नाही, हा प्रश्न आला तर असं लिहा: "ब्राझीलचा बराचसा भाग विषुववृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये आहे आणि तिथली सर्वोच्च शिखरं 3000 मीटरच्या आसपास आहेत, तर भारताच्या उत्तरेला कर्कवृत्ताच्याही बरंच वर 8000 मीटरच्या पुढे जाणारा हिमालय आहे. अक्षांश आणि उंची या दोन्ही कारणांनी हिमालयात तापमान गोठणबिंदूच्या खाली जातं, ब्राझीलमध्ये मात्र दक्षिणेकडच्या उंच भागातच क्वचित कधीतरी बर्फ पडतो."