स्टुटगार्टचं घर आवरून मुंबईला परत येताना

मामेभाऊ येत्या मार्चमध्ये जर्मनीतून कायमचा परत येतोय, त्याचा मेसेज आला, "ताई काय काय करावं लागतं गं, एक लिस्ट दे ना". लिस्ट काय, माझ्याकडे पण होती, एक्सेलमध्ये, रंगबिरंगी, आणि तरीही माझे स्टुटगार्टमधले शेवटचे पंधरा दिवस एक जुना सोफा विकण्यात गेले. लोक यायचे, बसून बघायचे, उशा दाबायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. त्यामुळे लिस्ट देत नाही, माझ्या लिस्टमध्ये जे सगळ्यात शेवटी होतं ते आधी सांगते.

तिकीट काढायच्याही आधी कॅलेंडरवर निरोपाचे दिवस अडवून ठेवा. हसू नका. कागदांना डेडलाइन असते, ते बोंब मारून स्वतःचं काम करून घेतात, पण मारियनप्लाट्सवरून डेगरलोखला चढणाऱ्या त्या पिवळ्या दातेरी रेल्वेत शेवटचं एकदा बसायचं राहिलं तर कोणी रिमाइंडर पाठवत नाही. चार वर्षं मी तिने जात होते, राहिलंच शेवटी. फार नको, एक जागा, एक खायचा पदार्थ, तीन-चार माणसं, एवढंच धरा पण तारखेसकट धरा. आणि घराचे फोटो सामान हलवायच्या आधी काढा. पडदे, चपलांचा ढीग, ओट्यावरचा कुकर, सगळं असताना. माझ्याकडे त्या घराचे चिक्कार फोटो आहेत आणि सगळे रिकाम्या भिंतींचे नाहीतर मीटरच्या रीडिंगचे, कारण ते चावी देताना पुरावा म्हणून काढले होते.

आता कागद. घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची आणि ती कागदावर, सही करून, ईमेल चालत नाही. शिवाय महिन्याच्या तिसऱ्या वर्किंग डेपर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात, एक दिवस उशीर झाला की अख्ख्या महिन्याचं भाडं जास्त. म्हणून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा किंवा स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्यावरून नाव काढणं, हे घर सोडायच्या एक आठवडा आधीपासून ते दोन आठवडे नंतरपर्यंतच करता येतं. त्याचा जो एक कागद मिळतो त्याच्या स्कॅन कॉपीज करून ठेवा. टीव्ही-रेडिओची 18.36 युरोची महिन्याची फी आपोआप थांबत नाही, ती बंद करायला, इंटरनेटवाल्याला, इन्शुरन्सवाल्याला, सगळ्यांना तोच कागद दाखवावा लागतो.

डिपॉझिटचं मात्र नीट ऐका कारण इथे मी माती खाल्ली. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्याएवढं असतं, कोरं म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे सोडून, आणि ते चावी दिली की लगेच हातात येत नाही. मालक हिशोब करायला काही महिने घेतो आणि नेबेनकोस्टेनचं, म्हणजे त्या हीटिंग-पाणी वगैरेचं, वर्षाचं बिल यायचं असेल तर त्यासाठी थोडे अडकवूनही ठेवतो. मी शहाणपणा करून निघायच्या आदल्या दिवशी तिथलं बँक खातं बंद करून आले. मग काय, भांडुपला बसून पाच महिने मेलामेली. खातं किमान वर्षभर चालू ठेवा, आणि त्याचं ओटीपी जर्मन सिमवर येत असेल तर ते ॲपवर घेऊन मगच सिम बंद करा. चावी देताना जो लेखी प्रोटोकॉल होतो त्यात भिंत, मीटर, चाव्या किती, सगळं लिहून घ्या. खिळ्यांची भोकं आधीच बुजवा, लांबी आणि पांढरा रंग मिळून पंधरा-वीस युरोत काम होतं.

पेन्शनचे पैसेही बरेच जण विसरतात. एकूण 60 महिन्यांपेक्षा कमी भरले असतील तर देश सोडल्यावर 24 महिन्यांनी अर्ज करून आपल्या वाट्याचा हिस्सा परत मागता येतो, कंपनीचा नाही. दोन वर्षांनी तो पेन्शनचा इन्शुरन्स नंबर कुठल्या फायलीत होता हे आठवणार नाही, आजच फोटो काढून स्वतःला मेल करा. इकडे आल्यावर एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं बँक खातं, रेसिडेंट करून घ्यावं लागतं, युरो युरोतच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं असतं. आणि गेल्या 7 आर्थिक वर्षांत भारतात मिळून 729 दिवस किंवा कमी राहिला असाल तर तुम्ही आरएनओआरमध्ये, म्हणजे टॅक्सच्या भाषेत 'रेसिडेंट, पण ऑर्डिनरिली रेसिडेंट नाही' यात बसता, मग परदेशातल्या कमाईवर साधारणपणे इथे टॅक्स लागत नाही. पण हे सीएला विचारून करा, माझ्यावर विसंबू नका.

सामान. इथे माझा एकच नियम, आईला सांगा माळ्याचा फोटो पाठव. मुंबईतल्या घरात माळ्यावर जेवढी जागा, तेवढंच तुमचं परदेश. आमच्या माळ्यावर गणपतीचं मखर, दोन गाद्या आणि बाबांचा बंद पडलेला फॅन आधीच होता, तेव्हा माझा हिशोब 23 किलोच्या दोन बॅगांवर आला. मिक्सर-इस्त्री आणायची तर व्होल्टेज तेच, 230, फक्त प्लग बदलून घ्यायचा, पण खरं सांगू का, आणू नका. तिकडे भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं, ओटा-सिंक-कपाटं भाडेकरूची स्वतःची, आणि जाताना ती पुढच्या भाडेकरूला विकायची. हे आईला समजावून सांगायला मला दोन फोन लागले ("सिंक विकलंस?"). तो सौदा नोटीस दिल्या दिल्या सुरू करा, सोफाही त्याच माणसाच्या गळ्यात मारता आला तर बघा. बाकी किरकोळ भांडी, पुस्तकं एका खोक्यात घालून दाराबाहेर "फुकट न्या" असं लिहून ठेवायची, संध्याकाळपर्यंत गायब होतात. आणि जमलं तर पावसाळ्यात उतरू नका. मी जूनमध्ये थंडीची जाडजूड जॅकेटं आणि लेदरचे बूट घेऊन उतरले, गणपतीपर्यंत बुटांवर हिरवी बुरशी.

आता केरवोखे. स्टुटगार्टकडची ही खास भानगड, आठवड्याच्या पाळीने प्रत्येक बिऱ्हाडाने जिना झाडून पुसायचा. नावातच केर आहे, मी तर पहिल्याच दिवशी पाठ केलं. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी दोरीने लटकते, झाडून झालं की आपण ती शेजारच्या मुठीला अडकवायची. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत म्हणे, तर ही पाळी बघून मला लहानपणची लालबागची चाळ आणि तिथल्या नळावरची भांडणं आठवायची, फक्त इथे भांडण पुटपुटत व्हायचं. सांगायचं काय, निघायचा आठवडा ठरवताना पाळी बघा, शेवटची पाळी चुकवून जाऊ नका, त्या जिन्यात तुमची आठवण त्यावरच राहणार. माझी नेमकी शेवटच्या आठवड्यात आली. सकाळी सहाला झाडलं, पुसलं, पाटी समोरच्या आजींच्या दाराला लावली आणि वळले तर दार उघडलं. आजींनी मला नाही, जिना बघितला. मग बोट दाखवलं, तिसऱ्या पायरीचा कोपरा राहिलाय. चार वर्षांत एकदाही त्यांनी मला सोडलं नव्हतं, शेवटच्या दिवशी कशाला सोडतील. मी परत वाकून कोपरा काढला. मग त्या आत जाऊन ग्सेल्त्सची बाटली घेऊन आल्या, म्हणजे तिकडच्या बोलीत जॅम, घरी केलेला, लाल करवंदासारख्या फळांचा.

म्हणून शेवटचं, बॅगेत एक किलो जागा मोकळी ठेवा, कोण काय देईल सांगता येत नाही. मला त्या बाटलीसाठी एक बूट काढून ठेवावा लागला असता, पण मी वजनकाट्यावर बॅग थोडी उचलून धरली (हे करू नका, पकडलं मला, मग जॅकेट अंगावर घालून विमानात बसले). काचेची बरणी हॅंडबॅगेत नेऊ नका, सिक्युरिटीला जॅम हा द्रव असतो. गाऊनमध्ये गुंडाळून चेक-इनमध्ये, झाकणाला चिकटपट्टी.

जॅम महिनाभरात पोळीशी संपला. बरणीत आता मेतकूट आहे. लेबलवर आजींच्या अक्षरात फळाचं नाव आणि साल आहे, ते टिकवायचं असेल तर बरणी घासायला टाकू नका, कामवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, मी दोनदा सिंकमधून उचलून आणलीय.