प्रदर्शनाला दिलेलं चित्र परत आणताना

चित्र नेताना आयोजक ते जपून नेतात. प्रदर्शन संपलं की मात्र त्यांना दालन रिकामं करायची घाई असते, आणि मोडतोड होते ती तेव्हाच. म्हणून समारोपाच्या पंधरा दिवस आधीच लेखी विचारून घ्या: चित्र कोण उतरवणार, पॅकिंग कुणाचं, गाडी कुणाची, विमा कधीपर्यंत? विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ हवा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून निघाल्यापासून पुन्हा तिथेच लागेपर्यंत. पॉलिसी समारोपालाच संपत असेल, तर वाढवून घ्यायला लावा.

पॅकिंगआधी तपासणी व्हायलाच हवी. देतानाचा स्थिती-अहवाल आणि फोटो हाताशी ठेवा. दिवे मंद करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, अगदी तिरपा धरा. समोरून न दिसणारे सुटलेले पापुद्रे, कॅनव्हासला पडलेला पोचा, सगळं सावलीनिशी उठून दिसतं. मग चित्र उलटून मागची बाजू पाहा. गोव्याच्या दमट हवेत बुरशी बऱ्याचदा तिथेच लपलेली असते.

बबल रॅप थेट रंगावर नको, उन्हात तापलेल्या गाडीत फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा) कागद, मग रॅप. रंग सुटत असेल तर कागदही टेकवू नका. फक्त फ्रेमच्या कडांवर टेकेल असा पुठ्ठा बांधा. काचेवर मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत (काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा असेल तर त्यावर टेप नको). पेटीचं झाकण स्क्रूनेच बसवा. हातोड्याचा प्रत्येक ठोका आतल्या रंगाला बसतो. गाडीत चित्र उभंच राहायला हवं. आडवं ठेवलं तर चोर्ला घाट उतरेपर्यंत कॅनव्हास ढोलासारखा थरथरत राहतो.

चित्र गोव्याबाहेर जाणार असेल आणि मूल्य 50,000 रुपयांच्या वर असेल, तर ई-वे बिलाची (जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) तयारी ठेवा. विक्री नाही, तेव्हा सोबत बीजक नव्हे, डिलिव्हरी चलान. त्यावर ‘प्रदर्शनातून परत, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा.

घरी आल्यावर पेटी लगेच उघडू नका. एसी दालनातून आलेलं चित्र एकदम दमट हवेत नको, 24 तास खोलीत तसंच राहू द्या. मात्र पोचपावतीवर ‘पेटी न उघडता स्वीकारली, तपासणी बाकी’ असं लिहूनच सही करा आणि ड्रायव्हर जायच्या आत पेटीच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. आत नुकसान निघालं तर त्याच दिवशी आयोजक आणि विमा कंपनी दोघांनाही कळवा, आणि सर्वेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) येईपर्यंत पेटी, फोम, फाटका कागद काही टाकू नका.