हॅस्केलमध्ये साध्या बेरजेने मेमरी खाल्ली तर

‘लूप कुठाय?’ जावा किंवा पायथनवरून हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेकडे आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर दोन दिवसांत अंगवळणी पडतं: यादी, सुरुवातीची किंमत आणि जोडणारं फंक्शन फोल्डला द्यायचं, झालं. गाळण उडते ती नंतर. माझ्याकडे वीजमीटरच्या नोंदींची फाईल होती, एका ओळीत एक आकडा. शंभर ओळींवर प्रोग्रॅम झकास चालला. खरी फाईल दिली आणि लॅपटॉप गोठला.

१. उधारी ओळखा

हॅस्केल आळशी आहे. गरज पडेपर्यंत काही मोजत नाही. १, २, ३ या यादीवर ‘फोल्डएल’ने (foldl, डावीकडून जोडत जाणारा फोल्ड) बेरीज मागितली, तर तो ० + १ चं १ करून पुढे जात नाही. ((० + १) + २) + ३ असं नुसतं मांडून ठेवतो. वाणी महिनाभर वहीत लिहीत जातो आणि हिशेब पहिल्या तारखेला करतो, तसं. या न सोडवलेल्या हिशेबाला ‘थंक’ म्हणतात. एक कोटी आकडे असतील तर वहीत एक कोटी नोंदी.

ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल केलं तर जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) पुष्कळदा हे आपणहून ओळखतो, जीएचसीआयमध्ये (ओळीओळीने चालवून बघायच्या खिडकीत) मात्र नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजा: ‘-आरटीएसऑप्ट्स’ (-rtsopts) देऊन कंपाइल करा, चालवताना ‘+आरटीएस -एस’ (+RTS -s) जोडा आणि ‘मॅक्झिमम रेसिडेन्सी’चा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती मेमरी अडकली त्याचा, आकडा बघा. फाईल दुप्पट केल्यावर तोही साधारण दुप्पट झाला, तर काहीतरी साठतंय.

२. रोखीने चालवा

‘फोल्डएल’च्या नावाला शेवटी एकेरी अवतरणचिन्ह लावा. हा ‘फोल्डएल प्राइम’ प्रत्येक पायरीला हिशेब चुकता करतो. तो डेटा.लिस्ट या मोड्यूलमध्ये आहे, जीएचसी ९.१० पासून इम्पोर्टही लागत नाही. (नुसत्या बेरजेला तयार ‘सम’ आहेच, पण स्वतःचा नियम घालायचा तर फोल्ड लागतो.)

मात्र सगळीकडे प्राइम ठोकू नका. ‘सगळ्या नोंदी शून्याहून मोठ्या आहेत का?’ यासारख्या प्रश्नाला ‘फोल्डआर’च (foldr, कंस उजवीकडून मांडणारा फोल्ड) बरा: पहिली चुकीची नोंद दिसताच तो थांबतो, प्राइम यादी संपेपर्यंत चालत राहतो.

३. सरासरीचा सापळा

मी अडकलो तो इथे. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या अशी जोडी सोबत न्यायची. प्राइम लावला, तरी मेमरी चढतेच! कारण प्राइम फक्त बाहेरचं कवच सोडवतो. जोडी तयार आहे एवढं त्याला पुरतं. आतली बेरीज आणि संख्या दोन्ही उधारच राहतात. उपाय एका अक्षराचा: पायरीच्या फंक्शनमध्ये जोडीतल्या दोन्ही नावांपुढे उद्गारचिन्ह द्या. कॅबल फाईलमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये) हॅस्केल २०१० ही भाषेची जुनी आवृत्ती लिहिली असेल तर ‘बँगपॅटर्न्स’ हे एक्स्टेन्शन सुरू करावं लागेल.

४. मध्येच डोकावायचं असेल तर

डीबग.ट्रेसमधला ‘ट्रेस’ वापरा, तो किंमत मोजली जाताना तुमचा संदेश छापतो. टाइप न बदलता कुठेही घुसवता येतो. पण ज्या किमतीला तो चिकटवलात ती कोणी मागितलीच नाही, तर संदेश छापला जाणार नाही, आणि क्रमही तुमच्या मनासारखा येईलच असं नाही. शोध संपला की काढून टाका.

५. तीच फाईल परत लिहिताना

‘रीडफाईल’ने वाचलं, लगेच त्याच नावावर ‘राइटफाईल’ केलं, की ‘रिसोर्स बिझी, फाईल इज लॉक्ड’ असा एरर येतो. वाचनही आळशीच! फाईल अजून उघडीच आहे. डेटा.टेक्स्ट.आयओमधलं ‘रीडफाईल’ घ्या, ते सगळं एकदम वाचून फाईल बंद करतं. हिशेब महत्त्वाचा असेल तर मी तेवढ्यावरही विसंबत नाही: वेगळ्या नावाने लिहितो आणि मगच जुन्या नावावर रीनेम करतो.