तूर विकली की अंदमान: आपल्या गावाकडून बेटावर जायचं तर प्लॅन कसा करायचा

मे निम्मा झाला की आपल्याकडे घराघरात एकच बातमी ऐकतात, मान्सून अंदमानात दाखल झाला का नाही. माझ्या बाबांनी आयुष्यभर ती बातमी ऐकून बियाण्याचा हिशोब लावला, पण ते अंदमान आहे कुठं अन तिथं आपल्यासारख्या माणसाला जाता येते का, हे घरात कोणी कधी विचारलंच नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी माय, बायको अन दोन लेकरं घेऊन जाऊन आलो. तेव्हापासून डेअरीवर, लग्नात, सासरवाडीत सगळे विचारून राहिले की कसे गेले, किती लागले, मायला झेपलं का. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे महिना ठरवा, तिकीट नंतर. मान्सून तिकडे साधारण २० ते २२ मेच्या आसपास पोचते अन आपल्या विदर्भात जूनच्या मध्यावर, म्हणजे आपण पेरणीची तयारी करत असतो तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला असते अन बोटी कधीही बंद होतात. शाळेला सुट्ट्या लागल्या म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करू नका, पैसे पाण्यात जातील. चांगले महिने डिसेंबर ते एप्रिल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधेही बंगालच्या उपसागरात वादळं होतात, म्हणून सोयाबीन निघाल्याबरोबर पळायची घाई नको. आता आपलं वावराचं कॅलेंडर पाहा. दिवाळीपासून कापसाचे वेचे सुरू, तूर जानेवारीत, हरभरा फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चमधे, अन ओलिताचा गहू असला तर तुम्ही मार्चपर्यंत अडकलेच. आमच्याकडे गहू नव्हता, तूर काढून झाली होती, हरभरा घाट्यावर होता, पण त्या दिवसात रानडुकरं फार येतात म्हणून नऊ दिवस चुलतभावाला जागलीला बसवलं, गोठ्याचंही त्यानेच पाहिलं. हे आधी ठरवा, खरंच सांगतो. मागं वावराची चिंता असली तर माणूस बेटावर जाऊनही फोनवरच राहते. आता त्याच्या फिरायच्या वेळेला मी जागल करणार, तसं बोलणं झालं आहे आमचं. नाताळात अन दिवाळीच्या सुट्टीत विमानाचं भाडं फार चढते, ते दिवस सोडलेले बरे.

जायचं कसं तर नागपूरहून थेट विमान नाही, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बेंगळुरूवरून बदलून जावं लागते. पाच तिकिटं म्हटली की दोन-दोन विमानं परवडत नाहीत, म्हणून आम्ही नागपूर ते चेन्नई रेल्वेने गेलो अन तिथून पुढं विमान. जीटी म्हणजे ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस आहे, तामिळनाडू एक्स्प्रेस आहे, रात्रभराचा प्रवास. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, पहिले १२० दिवस होतं ते नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा अन सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो सरळ एअरपोर्टला जाते, बॅगा घेऊन ऑटोवाल्याशी भांडायची गरज नाही. पण गाडी सकाळी पोचते म्हणून त्याच सकाळचं विमान काढू नका, गाडी तीन तास लेट झाली तर विमान थांबत नाही. आम्ही एक रात्र चेन्नईत लॉजवर काढली, मायचीही पाठ मोकळी झाली. तिथून विमानाने दोन-सव्वादोन तास. समुद्राच्या जहाजानेही जाता येते, चेन्नई, कोलकाता अन विशाखापट्टणमहून, पण तीन-चार दिवस लागतात अन तारखांचा भरवसा नसते, लेकरं-म्हातारी माणसं घेऊन मी तरी सांगणार नाही.

नावांचा गोंधळ होते तेवढा समजून घ्या. अंदमानचं मुख्य शहर पोर्ट ब्लेअर, विमान तिथंच उतरते, त्याचं नाव सप्टेंबर २०२४ मधे श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हे तीन २०१८ मधे बदलले. बुकिंगच्या साईटवर कुठं जुनं दिसते कुठं नवं, बेट तेच. भारतीयांना या नेहमीच्या बेटांसाठी परमिट लागत नाही, आधार कार्ड सगळ्यांचं जवळ ठेवा, लेकरांचंही. लक्षद्वीपचं बरेच जण विचारतात, ते सुंदर आहे पण तिथं आपल्यालाही परमिट काढावं लागते अन जाणं कोचीवरून, म्हणून पहिल्यांदा बेटावर जाणाऱ्याने अंदमानच धरावं असं माझं मत आहे. हिंदी सगळीकडे चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडची सगळी माणसं तिथं राहतात अन आपसात हिंदीच बोलतात, माय तर भाजीवालीशी अर्धा तास बोलत होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तुम्ही पोर्ट ब्लेअरमधेच पाहिजे. हॅवलॉकहून सकाळी बोट अन दुपारी विमान असा प्लॅन कोणी बनवून दिला तर तो प्लॅन घेऊ नका. आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका एजंटने अगदी तसाच कागद हातात दिला होता, वरून म्हणे सगळे असंच जातात. मी बायकोच्या म्हणण्यावरून बदलून घेतला, एक रात्र जास्तीची टाकली, तो दोन दिवस फोनच उचलत नव्हता. अन झालं काय, आम्ही निघायच्या दिवशी हॅवलॉकच्या जेट्टीवर सकाळी सहापासून बसलो, वारा होता, समुद्र वरून तर साधाच दिसत होता, पण आठ वाजता सांगितलं की बोट रद्द. दुपारची मिळाली ती पण नशिबाने. आमच्या शेजारी एक जोडपं होतं, नवीन लग्न झालेलं, त्यांचं विमान त्याच दिवशी दीडला होतं, ती पोरगी जेट्टीच्या बाकावर बसून रडत होती अन नवरा या खिडकीवरून त्या खिडकीवर पळत होता. त्यांची तिकिटं गेली. आमची एक रात्रीची खोली जास्त झाली, बाकी काही नाही. म्हणून समुद्रासाठी एक दिवस मोकळा सोडाच, कितीही कमी दिवसाचा प्लॅन असला तरी.

दिवस म्हणाल तर बेटावर सहा रात्री पुरतात, दोन पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. बोटी सरकारी अन खाजगी दोन्ही आहेत. सरकारी फार स्वस्त पण तिकीट मिळेलच असं नाही, म्हणून लेकरं असतील तर खाजगी बोट आधीच बुक करा. उलटीचा त्रास होते, आपण काही समुद्राची माणसं नाही. गोळी डॉक्टरला विचारून घ्या अन बोट निघायच्या अर्धा-एक तास आधी खा, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. बोटीत खालच्या मजल्यावर मधे-मागे बसा, मोबाईल पाहू नका, दूर पाण्याची रेघ दिसते तिकडे पाहा.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ बांधायला लागले, मधे बुरूज अन बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आता तीनच उरल्या. सावरकर १९११ ते १९२१ इथं होते, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर शेवटची. खाली कोलू ठेवला आहे, ज्याला कैद्यांना जुंपून तेल काढायला लावायचे. मायने तो पाहिला अन म्हणाली ही तर आपली तेलघाणी, याला बैल लागते रे, माणसं कशी जुंपली असतील. दांडीला हात लावून ती बराच वेळ उभी राहिली, मग पुढं कोठड्यांकडे आलीच नाही, बाहेर पिंपळाखाली बसली. लेकरांना इथं आधी घेऊन जा, समुद्र नंतर दाखवा, कारण समुद्र पाहिल्यावर त्यांचं लक्ष कशातच राहत नाही. संध्याकाळी लाईट अँड साऊंड शो असते, तिकीट आधी काढा.

सूर्य तिथं फार लवकर उगवते, पाच-साडेपाचला उजेड अन संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दिवस संपलाच. आपल्या गावच्या माणसाला हे सोपं आहे, पण शहरातल्यासारखं नवाला उठून फिरायला निघाल तर अर्धा दिवस गेला. हॅवलॉकचा राधानगर बीच संध्याकाळसाठी ठेवा, तीनला पोचा. नीलवरचा दगडाचा नैसर्गिक पूल पाहायचा तर ओहोटी पाहिजे, अन भरती-ओहोटी आपल्याला नवीन असते म्हणून सांगतो, रोज तिची वेळ पाऊण-एक तासाने पुढं सरकते. हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारा, उद्या ओहोटी किती वाजता. आम्ही न विचारता गेलो, पाणी भरलेलं, दुसऱ्या दिवशी पहाटे परत जावं लागलं.

बाराटांगच्या गुहा अन चिखलाचा ज्वालामुखी पाहायला लोक जातात. पहाटे निघून जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावावी लागते, मग गाड्या ताफ्याने जंगलातून जातात, कारण ते जारवा आदिवासींचं राखीव जंगल आहे. फोटो काढायला अन त्यांना खायला द्यायला बंदी आहे. म्हातारं माणूस संग असलं तर एवढा प्रवास करू नका. अन जे लोक फक्त जारवा दिसतील म्हणून जातात ते मला पटत नाही, ते त्यांचं घर आहे, आपण मेळघाटातल्या पाड्यावर जाऊन कोणाच्या अंगणात डोकावतो का.

पाण्याचं बोलतो, हे लेकरांच्या बापांसाठी. आपले पोरं विहिरीत उडी मारून पोहायला शिकलेले असतात, त्यांना वाटते आपल्याला येते. माझ्या मोठ्याला पण वाटलं. विहिरीचं पाणी एका जागी असते, समुद्र पायाखालची रेती ओढून नेते, तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता अन दोन लाटांत चार हात सरकला. तेव्हापासून लाईफ जॅकेटशिवाय पाण्यात पाठवलं नाही. जिथं पाटी लावून पोहायला मनाई केली तिथं उतरूच नका, काही किनाऱ्यांवर मगरी असतात. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग करा, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहायचं, पोहता येत नसलं तरी होते, जॅकेट घालून माणूस सोबत ओढत नेते अन खाली मासे दिसतात, बायको पाण्याबाहेर यायलाच तयार नव्हती. स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करायचं तर दमा-बीपी लपवू नका, अन परतीच्या विमानाआधी निदान २४ तास मधे सोडा.

सामानात सुती कपडे, टोपी, पाण्यातही घालता येतील अशा चपला. खाण्याचं म्हणजे तिथं मासे-भात भरपूर, शाकाहारी थाळीही मिळते, पण आमच्या मायसाठी जवसाची चटणी, चिवडा अन दशम्या नेल्या. विमानात सुकं खोबरं चालत नाही, ते पेट घेते म्हणून, अन लोणचं हातातल्या बॅगेत बऱ्याचदा नेऊ देत नाहीत. मायची खोबऱ्याची वाटी नागपूरलाच काढून ठेवली ते बरं झालं. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. रोख पैसे जवळ ठेवा, बेटावर नेटवर्क गेलं की फोनपे गेलं.

आमचे पाच जणांचे घरून घरापर्यंत एक लाख चाळीस हजार लागले, त्यातले निम्मे विमान अन बोटीतच गेले. एजंटकडून करायचं तर हॉटेलचं नाव, बोटीचं नाव, तारखा लिहून घ्या अन विमानाचं तिकीट हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटचं, शिंपले अन पोवळं. किनाऱ्यावर ढिगाने पडलेलं असते अन लेकरं खिसे भरतात. पोवळं तिथून आणायला कायद्याने बंदी आहे अन एअरपोर्टवर बॅगा तपासतात. माझ्या धाकटीने एक पांढरं फांदीसारखं पोवळं सहा दिवस रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, निघायच्या आदल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरच्या कोर्बिन्स कोव्ह किनाऱ्यावर नेऊन तिच्याच हाताने पाण्यात सोडायला लावलं. रडली थोडी, मग रुमाल धुऊन खिशात ठेवला.