ओल्या मातीला हात लावायला आठ दिवस
बालवाडीत नव्याने येणाऱ्या ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगते, मुलाचा हात धरून मातीत घालू नका.

परळच्या एका चाळीत, खाली एका खोलीत आमची बालवाडी भरते. जवळच्या गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडूची माती मिळते. ती भिजवून परातीत ठेवली की पोरं नुसती तुटून पडतात. तीन वर्षांची एक मुलगी मात्र माती दिसली की हात पाठीमागे न्यायची. मी तेव्हा नवीन होते. "काही होत नाही गं" म्हणत मी तिचा हात मातीवर टेकवला. तिने असा आकांत मांडला की पुढचे दोन दिवस उंबरा ओलांडायला तयार नव्हती. मग मी तिच्या हातात चमचा दिला आणि गप्प बसले. काही दिवस तिने चमच्यानेच माती टोचली. मग एकदा बोटाचं टोक लावलं आणि लगेच फ्रॉकला पुसलं. आठव्या दिवशी अख्खा तळहात थापला आणि म्हणाली, "ताई, गार आहे!"

हा हट्ट नसतो. काही मुलांना ओलं, चिकट खरंच सहन होत नाही. पण जेवण, अंघोळ, नखं कापणं, सगळीकडेच अशी रडारड होत असेल तर पालकांना बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. निदान करणं आपलं काम नाही.

महागड्या खेळण्यांच्या मागे लागू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेही हाताशी मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच. आमच्याकडे वाळू, करवंट्या, चिंध्या आणि दोन तांबे पाणी असतं. (नळ सकाळी थोडा वेळच येतो, भरून ठेवावं लागतं.) पूर्वी रवाही होता. "अन्नाशी खेळू नये," असं एका आजींनी सांगितलं, मला ते पटलं, आणि रव्याच्या जागी वाळू आली.

"लिहायला कधी शिकवणार?" असं आया विचारतातच. त्यांना परातीपाशी बसवा. या वाटीतून त्या वाटीत वाळू ओतताना मनगट कसं वळतं, चिंचोका चिमटीत कसा येतो, ते त्यांना बघू द्या. उद्या पेन्सिल धरायची ती हीच बोटं.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आहे, तुमच्याकडून होऊ नये. मी सुके वाटाणे खेळायला दिले आणि एका मुलाने त्यातला एक नाकात घातला. ओलाव्याने वाटाणा फुगतो, आपण काढायला गेलो तर आणखी आत जातो. त्याला तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून कडधान्य बंद. चिंचोके फक्त मोठ्या मुलांना, तेही मी समोर बसलेली असताना, मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. पाण्याची बादली खेळ संपताक्षणी रिकामी करून पालथी घालायची.